चांगल्या कंपनीचा कृत्रिम पाय थेट विकत घेतला तर चालतो का? प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट नेमकं करतात काय?

तुमच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापलाय आणि तुम्ही विचारताय, मधला हा प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पाय बनवून बसवणारा माणूस, कशाला. हेच वाक्य आमचे भाऊजी बोलले होते, म्हणून लिहायला बसलो.

बाबा एसटीत ड्रायव्हर. शुगरने उजवा पाय गेला. टाके निघून महिना झाला नाही तर भाऊजींनी कार्बनचं पाऊल असलेला भारीतला पाय ठरवला. विकणारा घरी येऊन मापं घेऊन गेला, 15 दिवसांत पाय हजर. स्टम्पवर, म्हणजे कापून उरलेल्या पायावर, तेव्हा सूज होती. ती उतरली तसा स्टम्प बारीक झाला आणि सॉकेटच्या, म्हणजे तो ज्यात बसतो त्या कपाच्या, तळाशी जाऊन टेकू लागला. शुगरमुळे बाबांना दुखणं कळलंच नाही, मोज्याला रक्त लागलेलं आईने पाहिलं. पुढे सात महिने तो पाय कुलरच्या मागे उभा होता. भाऊजींचं म्हणणं, "बाबांनाच चालायचं नाही."

मग नागपुरात धंतोलीत एका प्रोस्थेटिस्टकडे नेलं. पोरगाच होता, तिशीतला. अर्धा तास नुसता स्टम्प चाचपत बसला. मग त्यावर पातळ मोजा चढवून, जांभळी पेन्सिल ओली करून खुणा केल्या: गुडघ्याची वाटी, वाटीखालचा स्नायूबंध, नडगीची धार, बाहेरच्या बारक्या हाडाचं डोकं. बाबा म्हणाले, "हे काय गोंदून राहिला बे?" वरून प्लास्टर गुंडाळलं की त्या खुणा त्याच्या आतल्या बाजूला उमटतात, तिथून आत प्लास्टर ओतून केलेल्या साच्यावर येतात. जिथे वजन पेलायचं तिथे तो साचा कानशीने घासतो, हाड टोचेल तिथे प्लास्टर चढवतो. सगळी कला तिथे आहे. कंपनी पाऊल बनवते, सॉकेट हा माणूस बनवतो.

चालवून पाहताना तो मागे जमिनीवरच बसला. बाबा चार पावलं चालले की पायाचा कोन जुळवायला अॅलन कीने (षटकोनी चावीने) स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा चालवायचा. दुपार त्यातच गेली. स्टम्प दिवसभरात बारीक होतो, म्हणून संध्याकाळी एक मोजा जास्त घालायचा, हेही त्यानेच शिकवलं. विकणाऱ्याने मोज्याचा विषयच काढला नव्हता.

महागाचा अन् चालण्याचा संबंध नाही. जयपूर फूट 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने हाडांचे डॉक्टर प्र. क. सेठी यांच्यासोबत घडवला. रबरी पाऊल, पण उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. सॉकेट चुकलं तर मात्र तोही कुलरच्या मागेच.

ऑर्थोटिस्टचं म्हणाल तर तो असलेल्या अवयवाला आधार देतो: पट्टे, स्प्लिंट, बूट. भाचीचा पाय जन्मतः आत वळलेला होता, प्लास्टरं संपल्यावर तिला दांडीचे बूट दिले. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग चार वर्षांची होईपर्यंत फक्त झोपताना.

तुम्ही जाल तिथे आधी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा. साडेचार वर्षांची डिग्री असते ही, पंक्चरचं दुकान नाही. आणि हो, मी या क्षेत्रातला नाही. वडिलांना शुगर असेल तर स्टम्प रोज आरशात पाहा, लाल डाग दिसला की कृत्रिम पाय काढून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. प्रोस्थेटिस्टही सगळेच चांगले नसतात.

आता बाबा रोज सकाळी सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जाऊन येतात. पाऊल तेच कार्बनचं आहे, बदललं फक्त सॉकेट. भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात, "मी घेतलेल्या पायानेच चालून राहिले." पाऊल त्यांचं, कबूल. सॉकेटचे पैसे मी भरलेत.