बाल्कनीतला कप

प्रश्न : माझ्या लहानपणी गावाकडच्या घरी शेतावर येणाऱ्या काही ठरावीक गड्यांना पाणी वरून ओंजळीत वाढले जाई आणि त्यांचे चहाचे कप गोठ्याच्या वळचणीला ठेवलेले असत. असे का, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आज आमच्या फ्लॅटमध्ये घरकामाच्या मावशींचा कप सासूबाईंनी ड्राय बाल्कनीत वेगळा ठेवला आहे. ‘स्वच्छतेसाठी’ असे त्या म्हणतात. एरवी त्या मावशींशी मायेने वागतात, दिवाळीला साडीही देतात. परवा मावशींनी स्वयंपाकघरातला कप घेतला, तेव्हा माझ्या सात वर्षांच्या मुलाने ‘तो तुमचा नाही’ असे त्यांना बजावले. पती म्हणतात, आईला या वयात काय बदलायचे? मी काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मुलाला हे कोणी शिकवले नसावे. त्याने घरातली मांडणी पाहिली आणि तिचा नियम ओळखला, जसा तुम्ही वळचणीकडे पाहून ओळखला होता. आजीच्या मतांपेक्षा कपाच्या जागेने आणि त्याबद्दल आईवडिलांनी पाळलेल्या मौनाने त्याला अधिक शिकवले, असे मला वाटते.

स्वच्छतेचे कारण तपासून पाहावे. सर्दी झालेल्या पाहुण्यासाठी घरात वेगळा कप आहे काय? ज्या हातांनी घासलेल्या ताटांत सारे घर जेवते, त्याच बाईच्या ओठांनी कप तेवढा कसा बाटतो? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्याबाबत तसाच ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी पिईपर्यंत हे ठराव कागदावरच राहिले. जनावरांना ज्या तळ्यावर मज्जाव नव्हता, ते माणसांनी पाणी प्यायल्यानंतर दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि तळ्यावरील हक्काचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. तुमच्या घरातही समतेचा ठराव केव्हाच मंजूर झालेला असावा; कप मात्र अजून बाल्कनीत आहे.

सासूबाईंची माया खोटी आहे, असे मी म्हणत नाही. पण साडी देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंड साडीने मोडत नाही, म्हणूनच साडी आणि वेगळा कप एका घरात सुखाने नांदू शकतात.

तेव्हा तो कप तुम्ही स्वतः उचलून इतर कपांत मिसळावा आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांचा चहा त्याच कपांतून द्यावा. यासाठी सासूबाईंचे मतपरिवर्तन होण्याची वाट पाहू नये. सोवळ्याओवळ्याच्या त्यांच्या आठवणी सवडीने जरूर ऐकाव्यात, पण कपाच्या बाबतीत तडजोड करू नये. मावशींना मुद्दाम समोर बसवून, सर्वांदेखत चहा पाजून त्यांचे प्रदर्शन मांडू नये. तुमच्या घरातील भांडणाची झळ त्यांच्या रोजगाराला लागू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. मुलाला ‘सगळी माणसे सारखी’ एवढेच सांगून थांबू नये. जात नावाची गोष्ट आहे, तिच्यामुळे माणसांना पाणी नाकारले गेले आणि आपल्या घरातला तो कपही त्यातूनच आला, हे सात वर्षांच्या मुलाला नीट कळते. हे सांगताना आजीला खलनायिका करण्याचे कारण नाही.

राहिला तुमच्या पतींचा प्रश्न. आईला बदलता येणार नाही असे ते म्हणतात, पण मावशींना पगार तुम्ही दोघे देता आणि मूलही तुमचे आहे. त्यामुळे सासूबाईंशी पहिले बोलणे सुनेवर न सोपवता त्यांनीच करावे.