अनुसमर्थनावर बोलण्याआधी

इंदूर

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेसाठी लिहिलेला मसुदा वाचला. 'अनुसमर्थन (तयार संविधानाला किंवा दुरुस्तीला राज्यांनी दिलेली मान्यता) ही औपचारिकता असते' हे वाक्य आधी काढ. पुढची सगळी गडबड तिथूनच झाली आहे.

अमेरिकेचं उदाहरण चांगलं आहे, पण तू नऊ राज्यांपाशी थांबलीस. 17 सप्टेंबर 1787 ला फिलाडेल्फियात अमेरिकेच्या संविधानावर 39 जणांनी सह्या केल्या. हजर असलेल्या तिघांनी नकार दिला, त्यात जॉर्ज मेसन होते. त्यांचा पहिलाच आक्षेप होता, हक्कांची सनद कुठे आहे? 13 पैकी 9 राज्यांच्या परिषदांची मान्यता पुरेशी होती आणि 21 जून 1788 ला न्यू हॅम्पशायरने नववी दिलीही. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले असते तर ते संघराज्य चाललं असतं का? तिथली मतं बघ: 89 विरुद्ध 79, आणि 30 विरुद्ध 27. त्याआधी मॅसॅच्युसेट्समध्ये 187 विरुद्ध 168, तेही मान्यतेसोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडल्यावर. हक्कांची यादी विरोधकांच्या रेट्यातून आली, हा तुझ्या भाषणाचा कणा असू दे.

संविधानाचे समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन यांची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांड. जो अधिकार सरकारला दिलाच नाही त्यावर बंधन कशाला, असं ते विचारत. यादी केली तर तिच्याबाहेरचं सगळं सरकारचं, असं कुणी म्हणेल ही भीतीही तेव्हा खरी होती. यादीत नसलेले हक्कही लोकांकडेच राहतात असं सांगणारी नववी दुरुस्ती या भीतीचंच उत्तर आहे. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 12 दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या, 15 डिसेंबर 1791 पर्यंत 10 मंजूर झाल्या; तीच हक्कांची सनद. सुरुवातीला त्या फक्त केंद्राला बंधनकारक होत्या, राज्यांना नाही. हे सुटलं तर परीक्षक हमखास पकडतात.

आपल्याकडे संविधान सभेनेच 26 नोव्हेंबर 1949 ला संविधान स्वीकारलं. सार्वमत झालं नाही. इंदूर, ग्वाल्हेर तेव्हा मध्यभारतात. अशा 'ब' भागातल्या, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या, नऊही राज्यांची मान्यता आल्याचं सरदार पटेलांनी त्याच दिवशी सभेत सांगितलं. हे भाषणात आणच, आपल्या गावाचा धागा आहे तो.

शेवटी घटनादुरुस्तीचं कलम 368. प्रत्येक घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती लागते असं तू लिहिलंस, ते चूक आहे. ती फक्त परंतुकातल्या (कलमाला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीतल्या) विषयांना लागते आणि मूलभूत हक्कांचा भाग 3 त्यात नाही. म्हणून उच्च न्यायालयांना आदेश काढण्याचा अधिकार देणारं कलम 226 बदलायला राज्यांना विचारावं लागतं, कारण उच्च न्यायालयांचं प्रकरण त्या यादीत आहे. मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारं कलम 32 भाग 3 मध्ये आहे, ते बदलायला विचारावं लागत नाही. मग हक्कांना आधार कशाचा? संसदेतलं दोन तृतीयांशाचं विशेष बहुमत, आणि 1973 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या केशवानंद भारती निकालातली मूलभूत चौकट, जी संसदेला दुरुस्तीनेही मोडता येत नाही. तो निकालही 7 विरुद्ध 6 असाच लागला होता.

परंतुक मूळ प्रतीतून हाताने उतरवून काढ, मग मसुदा पुन्हा पाठव.

तुझे काका