तारकागुच्छ बघायचेत? आधी दुर्बिणीचा मोह आवर

कृत्तिका मोठ्या दुर्बिणीतून बघायची घाई करू नकोस. हा गुच्छ आकाशात जवळपास दोन अंश पसरलाय, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी मांडले तर होईल एवढा. 1000 मिमी फोकल लेंग्थच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीत 25 मिमीची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावलीस की 40 पट दिसतं, आणि गुच्छ दृश्यक्षेत्रात मावतच नाही. 10×50 चा (10 पट, पुढची भिंगं 50 मिमीची) बायनॉक्युलर घे, गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकव. निळसर तारे टिपूर दिसतील. पुष्य नक्षत्रातला गुच्छ आणि वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम 7 हा गुच्छ हेही बायनॉक्युलरचेच.

ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ (शेजारी-शेजारी दिसणारे दोन गुच्छ) मात्र दोन्हींतून बघ. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खाली शोधायचा, आयपीस सगळ्यात कमी पटीची.

गोलाकार गुच्छांना, म्हणजे चेंडूसारखे दाटलेल्या ताऱ्यांच्या गुच्छांना, दुर्बीण हवीच. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ बघ. पुण्याहून तो जेमतेम 24 अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेला शहराचा उजेड नको. बायनॉक्युलरमध्ये नुसता धुरकट गोळा. सहा इंची दुर्बिणीत पट वाढवलीस की कडेचे तारे सुटे होऊ लागतात. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेव. आणि मोबाईल खिशातच राहू दे, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो.