ताजमधील एका रात्रीचा हिशेब

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एक रात्र ठेवावे, असा बेत तू कळवला आहेस आणि त्यात पैसे वसूल होतील का, असे विचारले आहेस. तुझी ऐपत तू जाणतोसच. तो प्रश्न सोडून मी फक्त वसुली कशी मोजावी ते लिहितो.

अशा हॉटेलच्या दरात दोन तऱ्हेच्या गोष्टींची किंमत मिसळलेली असते. चांगली गादी, स्वच्छ न्हाणीघर आणि शांत झोप या गोष्टी मुंबईत पुष्कळ कमी दरातही मिळतात, त्यामुळे तेवढी रक्कम मनातल्या मनात बाजूला काढावी. उरलेली जादा रक्कम आपण त्या जागेखेरीज कुठेच न मिळणाऱ्या गोष्टींसाठी देतो, आणि त्यांतल्या किती गोष्टी तुझे आई-वडील खरोखर उपभोगतील, हाच हिशेब मांडायचा असतो. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी त्याची आखणी केली आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. घुमटाखालचा तो भव्य जिना आणि लांबलचक व्हरांडे जुन्या इमारतीतच आहेत. शेजारचा टॉवर १९७० च्या दशकातला असून त्याच्या खोल्यांचा दर सहसा कमी असतो. पण वडिलांना जुन्या इमारतींची आवड आहे असे तूच लिहिले आहेस, तेव्हा टॉवरमध्ये खोली घेऊन वाचवलेले पैसे मला तरी चुकीच्या जागी वाचवलेले वाटतील. उलट समुद्राकडच्या खोलीसाठी द्यावी लागणारी जादा रक्कम ते दोघे खिडकीशी किती वेळ बसणार यावर तोलावी. (ज्या गेटवेच्या दर्शनासाठी आज एवढी रक्कम मोजली जाते, तो १९२४ साली पुरा झाला, हॉटेल उघडले तेव्हा तिथे गेटवे नव्हताच.)

खिडकीतून होड्या पाहत चहा घेणे एवढीच आईची इच्छा असेल, तर खोली घेण्याचे कारणच नाही. हॉटेलातल्याच सी लाउंज या चहापानाच्या दालनात मुक्काम न करताही जाता येते. महागडा असला तरी तो चहा मुक्कामाच्या मानाने फारच स्वस्त पडेल, आणि तसे ठरवलेस तर त्यात कंजूषपणा आहे असे मी मानणार नाही.

मुक्कामच करायचा असेल, तर वेळेचा हिशेब आधी कर. सामान्यतः दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराला सोडावी लागते, म्हणजे हातात बावीस तास येतात. पुष्कळ लोक दिवसभर मुंबई पाहून रात्री आठला दमून पोहोचतात, जेवून झोपतात आणि सकाळी नाश्ता उरकून निघतात. मग ‘विशेष काही वाटले नाही’ अशी तक्रार करतात. तुम्ही दोनलाच पोहोचा आणि त्या दिवशी दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. पाहुण्यांना वास्तू दाखवणारी फेरी त्या दिवशी आहे का, हेही आधी विचारून ठेव.

संकेतस्थळावर ठळक अक्षरांत दिसणारा दर अंतिम नसतो. दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २५,००० रुपयांच्या खोलीचे २९,५०० रुपये होतात. अशा हॉटेलांतल्या जेवणावरही सामान्यतः १८ टक्केच कर असतो, बाहेरच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणून नाश्ता धरून असलेला दर आणि नुसत्या खोलीचा दर यांची तुलना करांसकट कर. बिलात सेवा शुल्क आपोआप लावलेले दिसले, तर ते काढून टाकण्यास सांगण्यात संकोच नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तशाच आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या आहेत. बक्षिशी द्यायची ती आपल्या खुशीने द्यावी.

राहिली सेवा. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणातून तारे मिळतात ते मुख्यतः सोयी पाहून. माणसे कशी वागतात हे ताऱ्यांवरून कळत नाही. स्वागताच्या हारावरूनही कळत नाही, कारण तो सर्वांनाच मिळतो. वडिलांचे मधुमेहाचे पथ्य आणि आईचा त्या दिवशीचा उपवास बुकिंग करतानाच कळव, आणि तिथे पोहोचल्यावर ते पुन्हा सांगावे लागते का ते पाहा. पुन्हा न सांगता आईपुढे उपवासाचे वरीचे तांदूळ आले, तर जादा पैशांचा बराचसा भाग तिथेच वसूल झाला असे समज. सगळे पहिल्यापासून समजावून सांगावे लागले, तर मात्र इमारत कितीही देखणी असली तरी पुढच्या वेळी मी दुसरी जागा सुचवीन.

पावसाळ्यात दर बहुधा उतरतात, हिवाळ्यात आणि वर्षअखेरीस चढतात. तारीख थोडी मागेपुढे होऊ शकत असेल, तर दोन-तीन तारखांचे दोन्ही इमारतींतले दर करांसह लिहून मला पाठव; मग बुकिंगचे ठरवू.

तुझा,
काका