क्लायंबिंगची सहल आणि फॉर्मवरचं ‘नाही’

प्रश्न : वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी. पत्नी गृहिणी, मुलगी चार वर्षांची. रविवारी सह्याद्रीत क्लायंबिंग करतो. जानेवारीत दोन आठवडे थायलंडच्या को याओ नोई बेटावर जायचंय. शांत जागा, समुद्रालगतचे चुनखडीचे कडे. खाऱ्या हवेत कड्यात बसवलेले स्टीलचे बोल्ट तडकतात, म्हणून तिथे टायटॅनियमचे आहेत, हे मी तपासलंय. खर्च पावणेदोन लाख, त्यात दोर आणि क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायच्या पट्टी-कड्या) ४५ हजारांचे. हातात ९० हजार आहेत. उरलेल्यासाठी १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, की तीन लाखांची एफडी मोडू? चार नवशिक्यांना नेऊन शिकवण्याची फी घेतली तर खर्च सुटेल. विम्याची काळजी नाही. मामेभावाकडून मार्चमध्ये पॉलिसी घेतली होती, वर्षाला एक लाख, तीन हप्ते झाले. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख. कव्हर १० लाख. हप्ता वाढू नये म्हणून फॉर्ममध्ये ‘साहसी छंद’पुढे त्याने ‘नाही’ लिहिलं. घरखर्च ६० हजार, गृहकर्ज ४२ लाख बाकी.

उत्तर : कर्ज नको, एफडीही नको. दोर-क्विकड्रॉ क्लबमधून मागून घ्या, खर्च १ लाख ३० हजारांवर येतो. वरचे ४० हजार जानेवारीपर्यंत पगारातून काढा. ८५ हजारांच्या दोन वर्षांच्या लोनवर १३ हजारांच्या आसपास नुसतं व्याज गेलं असतं. तुमचा प्रश्न इथे संपला.

आता न विचारलेलं. बोल्ट कुठल्या धातूचा आहे ते तपासता आणि ज्याच्यावर बायको-मुलगी लटकणार त्या फॉर्मवर न वाचता सही करता? विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं कंपनी चुकीच्या माहितीवरून दावा अडवू शकते. तुमची तीन वर्षं येत्या मार्चला भरतात आणि तुम्ही निघताय जानेवारीत! कंपनीला आजच लेखी कळवा. हप्ता वाढला तर वाढू दे.

बरं, दावा मिळाला तरी १० लाख म्हणजे तुमच्या घराचे जेमतेम १७ महिने, तेही गृहकर्ज न धरता. कर्जाचे ४२ लाख आणि वीस वर्षांचा घरखर्च धरला तर १ कोटी ८६ लाख होतात. दोन कोटींचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या. क्लायंबिंग करता हे स्पष्ट लिहा आणि फॉर्म स्वतः भरा, मामेभावाला हात लावू देऊ नका. वैद्यकीय तपासणीत काही आठवडे जातात. पॉलिसी हातात पडली नाही तर तिकीट पुढे ढकला, तिथला कोरडा हंगाम मार्चमध्येही असतो.

‘पैसे दुप्पट’ ऐकायला छान वाटतं. पण तुमचा एक-एक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो (पहिला वीस, शेवटचा अकरा). दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा परतावा ढोबळमानाने कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा : साधारण ४.६ टक्के. पीपीएफ ७.१ देतं, तेही नातं न बिघडवता. तरी सरेंडर करू नका. आता जेमतेम एक लाख परत मिळतील. मार्चचा हप्ता न भरता पॉलिसी पेड-अप केली (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू), तर भरलेल्या तीन लाखांच्या प्रमाणात शेवटी सहा लाखांच्या आसपास येतील. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. टर्म प्लॅन सुरू झाल्याशिवाय मात्र हा हप्ता थांबवायचा नाही. सुटलेल्या लाखातून टर्मचा हप्ता भरून उरेल ते पीपीएफमध्ये.

राहिले चार नवशिके. आरोग्य विम्यात क्लायंबिंगचा अपवाद आहे तो व्यावसायिक म्हणून करणाऱ्यांसाठी. हौशी माणसाला तो सहसा लागत नाही. तुम्ही फी घेतलीत की हौशी राहिलात का? शिवाय थायलंडमध्ये वर्क परमिटशिवाय परदेशी माणसाला काम करता येत नाही आणि टूर गाइडचं काम तर थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. ही कमाई आजच वहीतून खोडा.

प्रवास विमा क्लायंबिंगच्या जोडकव्हरसकटच घ्या, साध्या पॉलिसीत ते बहुधा नसतं. बेटावरचं इस्पितळ लहान आहे. मोठी दुखापत झाली तर बोटीने फुकेतला न्यावं लागतं. तो खर्च पॉलिसीत धरलाय का, हे विकणाऱ्याला फोनवर नव्हे, ईमेलवर विचारा.