'निकष' या रकान्यात काय लिहायचं?

परभणीच्या एका शिल्प निदेशकांचा (आयटीआयमध्ये ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांचा) प्रश्न आहे: "फिटर ट्रेडच्या प्रात्यक्षिकाच्या गुणतक्त्यात 'निकष' नावाचा रकाना असतो. त्याखाली आम्ही 'अचूकता, फिनिशिंग, सुरक्षितता' असं लिहितो. हे निकष म्हणता येतील का? आणि निकष, कसोटी, मूल्यमापन, मूल्यांकन हे सगळं एकच का?"

नाही. अचूकता, फिनिशिंग, सुरक्षितता हे तपासायचे मुद्दे झाले. निकष त्याच्या पुढची पायरी आहे, आणि ती का, हे शब्दातच दडलेलं आहे.

संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. 'निकष' म्हणजे ज्यावर सोनं घासून बघतात तो काळा दगड. 'कसोटी'ही त्याच धातूतून आली, 'कषपट्टिका'वरून. आणि 'सोन्याचा कस' यातला कसही तोच. म्हणजे निकष आणि कसोटी मुळात एकच दगड. पुढे मराठीत त्यांची कामं वाटली गेली. कसोटी म्हणजे परीक्षेचा प्रसंग किंवा साधन, आणि निकष म्हणजे ज्याच्या आधारे निर्णय द्यायचा ते ठरलेलं प्रमाण.

सराफ दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढतो, शेजारी कस माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतो, तेजाब लावतो आणि कोणती रेघ किती टिकते ते बघतो. आधीच्या गिऱ्हाइकाचं सोनं कसं होतं, याचा इथे काही संबंध नसतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या सळईचंही तसंच. 'एफई ५००' या प्रतीची म्हणायची तर तिचा यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला ती कायमची वाकू-ताणू लागते तो) दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन भरलाच पाहिजे. शेजारची सळई ४६० ला वाकली म्हणून ४८० ची सळई पास होत नाही. कार्यशाळेत मात्र हे हमखास घडतं: 'बॅचमध्ये त्यातल्या त्यात हाच जॉब (विद्यार्थ्याने घडवलेली वस्तू) बरा' म्हणून १० पैकी ९ गुण पडतात. ती तुलना झाली, तिथे निकष लागलाच नाही.

म्हणून तुमच्या रकान्यात 'अचूकता' या मुद्द्यापुढे असं काही हवं: 'लांबी ५०.०० मिमी, टॉलरन्स ±०.०४, दोन टोकं आणि मध्य अशा तीन ठिकाणी मोजून तिन्ही मापं मर्यादेत'. 'चांगले', 'समाधानकारक', 'बऱ्यापैकी' ही विशेषणं आहेत. दोन परीक्षक त्यांचे दोन अर्थ लावणारच, आणि त्यात त्यांची चूक नाही.

निकष लिहिला तरी मोजणी फसते. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक; ±०.०४ म्हणजे एकूण पट्टा ०.०८ मिमीचा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२. एका रेघेचा फरक वाचला गेला की पाव पट्टा हातचा गेला. इथे त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटरच हवा. क्रमही महत्त्वाचा. कानस चालवताना हात झुलला की पृष्ठभागाला पोट येतं, कडा खाली आणि मध्य वर. अशा जॉबची मध्यावर घेतलेली मोजणी बरोबर येईल आणि जॉब तरीही चुकलेला असेल. आधी स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचं, मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन), आणि शेवटी माप. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली आणखी एक गोष्ट: ५० मिमी स्टीलचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी जास्त तापलेला असेल, तर माप ०.०१ मिमीहून थोडं जास्तच वाढतं. जॉब आणि मायक्रोमीटर अर्धा तास एकाच सरफेस प्लेटवर (मोजणीच्या सपाट जाड पाटावर) ठेवले की हा वाद मिटतो.

(गुण्यावरून: त्याचा 'गुण'शी काही संबंध नाही. तो फारसी 'गोनिया'मधून आला, आणि त्याच्या मुळाशी कोन या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.)

सुरक्षिततेचा मुद्दा आणखी अवघड, कारण तयार जॉबमध्ये ती दिसतच नाही. ती काम चालू असतानाच बघावी लागते, आणि 'हो / नाही' अशाच नोंदीत: कानशीला मूठ होती का, ग्राइंडरवर गॉगल होता का, चिप्स हाताने झाडल्या की ब्रशने. 'सुरक्षितता: १० पैकी ७' याचा अर्थ कोणालाच सांगता येणार नाही. 'कुशल' शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी फोड इथे आठवण्याजोगी आहे: हात न कापता कुश गवत आणणारा तो कुशल. हात शाबूत राहणं कौशल्याच्या व्याख्येतच धरलेलं आहे.

आता मूल्यमापन आणि मूल्यांकन. मराठीत शिक्षणाच्या संदर्भात 'मूल्यमापन' रुळलेला आहे. शाळांतलं आकारिक आणि संकलित मूल्यमापन सगळ्यांना ठाऊक आहे. 'मूल्यांकन' आपल्याकडे घर-जमिनीची किंमत ठरवताना येतो, शिक्षणातला त्याचा वापर हिंदीच्या प्रभावातून आलेला. चूक म्हणता येणार नाही, पण तुमच्या नोंदवहीत 'मूल्यमापन' ठेवा. त्यात दोन कामं स्पष्ट दिसतात: मापन आणि मूल्य. मायक्रोमीटर मापन करतो. त्या आकड्याची किंमत काय, हे माणूस ठरवतो.

आणि ते ठरवताना बेरीज घात करते. ट्रेड प्रॅक्टिकलला उत्तीर्णतेसाठी ६० टक्के लागतात. इलेक्ट्रिशियनच्या एका जॉबचा विचार करा: वायरिंग सरळ, क्लिप नीट अंतरावर, जोड घट्ट, दिवा लागतो आणि विझतो, पण स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला. बेरीज ७५ येईल. दिवा विझला तरी होल्डरमध्ये करंट राहतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. असे मुद्दे बेरजेबाहेर काढून 'अनिवार्य' या वेगळ्या रकान्यात टाका. तो चुकला तर बाकीचे गुण मोजायचेच नाहीत. वेल्डिंगमध्ये तसंच: वरून बीड (वितळून बसलेल्या धातूची रेघ) देखणी दिसते, पण तुकडा तोडून पाहिला की आत पेनिट्रेशन नसतं, म्हणजे धातू खोलवर एकजीव झालेला नसतो. फक्त वरून बघून गुण दिले, तर शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात जिला 'सप्रमाणता' (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) म्हणतात ती गेली. मोजायची होती जोडाची ताकद, मोजली गेली झिलई.

झिलई फिटरच्या जॉबवरही फसवते. पॉलिश पेपरने घासलेला जॉब हातात आला की अचूकतेचे गुणही नकळत वाढतात. त्यामुळे जॉबवर नावाऐवजी क्रमांक पंच करा, मापं आधी एकाने लिहून ठेवावीत आणि फिनिशिंग दुसऱ्याने नंतर बघावं. सुरुवातीचे ३-४ जॉब दोघांनी एकमेकांना न दाखवता तपासावेत. गुणांत फरक पडला, तर परीक्षकाला दोष देण्याआधी निकषाचं वाक्य पुन्हा वाचा; बहुतेक वेळा एखादं विशेषण तिथे शिल्लक राहिलेलं सापडतं.

रकान्याच्या नावाबद्दल एक सूचना. एकाऐवजी दोन रकाने करा: पहिला 'मुद्दा', दुसरा 'निकष'. पहिल्यात 'काटकोन', दुसऱ्यात 'गुण्या लावून चारही कोपऱ्यांत उजेड दिसत नाही'.