डीसीत घर घेतलं आणि सिनेटचं मत गेलं, आता भावाचा पत्ता चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनला भाड्याने राहायचात, सिटिझन झालात, व्हर्जिनियाच्या सिनेटरला मत पण दिलंत, आणि आता वॉशिंग्टन डीसीत काँडो घेऊन शिफ्ट झाल्यावर कळलं की इथे सिनेटमध्ये (अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात) आपलं कोणीच नाही. भाऊ अजून आर्लिंग्टनलाच आहे, मग त्याच्या पत्त्यावर रजिस्ट्रेशन राहू दिलं तर काय बिघडलं? आणि ते जमत नसेल तर कोर्टात जाता येईल का?

भावाच्या पत्त्याचं डोक्यातून काढून टाका. व्हर्जिनियात मत द्यायला तिथे राहतं घर पण लागतं आणि तिथेच राहायचा इरादा पण लागतो, तुमच्याकडे दोन्ही नाही. जुनं नाव यादीत पडून आहे म्हणून लगेच कोणी दारात येणार नाही, पण त्यावर मत टाकलंत की प्रकरण वेगळं. फेडरल इलेक्शनसाठी राहण्याच्या पत्त्याची जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात तुम्हीच लिहिलंय की काँडोवर होमस्टेड डिडक्शन घेतलंय, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स वाचवायला "माझं मुख्य घर डीसीत" असं सही करून दिलंत. हा कागद सरकारकडे असताना मतासाठी मी आर्लिंग्टनचा म्हणणार कसं?

आता कोर्ट. राग अगदी बरोबर आहे, पण तुमचा मुद्दा नवा नाही. घटनेत हाऊसचे (संसदेच्या खालच्या सभागृहाचे) मेंबर राज्यांमधले लोक निवडतात असं आहे आणि डीसी राज्य नाही, याच मुद्द्यावर 2000 साली अ‍ॅडम्स विरुद्ध क्लिंटन ही केस हरली. नंतरच्या कास्टान्यॉन केसमध्ये तर असा पण मुद्दा होता की व्हर्जिनियातला सिटिझन उद्या भारतात राहायला गेला तरी तिथून व्हर्जिनियाच्या सिनेटरला मत देऊ शकतो, आणि नदी ओलांडून डीसीत आला की नाही! मला विचाराल तर यात तर्क शोधूनही सापडत नाही, तरी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने खालचा निकाल कायम केला. "मग फेडरल टॅक्स कशाला भरू" हे तर चुकूनही करू नका, प्रतिनिधी नसला तरी टॅक्स लावता येतो हे कोर्टाने 1922 मध्येच सांगून टाकलंय. डीसीच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर प्रतिनिधी नसताना टॅक्स घेतात अशी तक्रार लिहिलेली असते, पण तेवढ्याने आयआरएस (फेडरल टॅक्स खातं) ऐकत नाही.

गंमत म्हणजे भावाचं आर्लिंग्टन पण एकेकाळी डीसीचाच भाग होतं, 1846 च्या कायद्याने ते व्हर्जिनियाला परत दिलं म्हणून आज त्याला दोन सिनेटर आहेत. उरलेल्या डीसीला सिनेटर मिळवायचा रस्ता काँग्रेसमधूनच, म्हणजे अमेरिकन संसदेतूनच जातो. डीसीला राज्यासारखे प्रतिनिधी देणारी 1978 ची घटनादुरुस्ती काँग्रेसने पास केली, पण 38 राज्यं लागत असताना 16 च मिळाली. राज्याचा दर्जा द्यायचं बिल 2020 आणि 2021 मध्ये हाऊसने पास केलं, सिनेटमध्ये तसंच पडून राहिलं, आणि ते का ते कोणालाही कळतं, दोन नवे सिनेटर डेमोक्रॅट पक्षाचेच येणार हे उघड आहे ना.

तर आता करायचं काय: डीसीत रजिस्टर करा, फॉर्ममध्ये जुना पत्ता विचारतात तो खरा भरा, आणि व्हर्जिनियाचं नाव लेखी कॅन्सल करून त्याची कॉपी ठेवा. प्रेसिडेंटसाठी मत मिळेल (घटनेच्या 23 व्या दुरुस्तीमुळे डीसीला 3 इलेक्टर, म्हणजे प्रेसिडेंट निवडणारे प्रतिनिधी, आहेत), मेयर आणि कौन्सिलसाठी मिळेल, आणि हाऊसमधल्या डेलिगेटसाठी पण, जो कमिटीत मत देतो पण बिल पास करताना देऊ शकत नाही. बॅलटवर सिनेटरचं नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते शॅडो सिनेटर, त्यांना सिनेटमध्ये खुर्ची नाही. होमस्टेडचा फॉर्म आहे तसाच राहू द्या, तो बरोबरच भरलाय.